मेल्यावर लगेच न्याय, की शेवटच्या दिवशी? ख्रिस्ती मंडळींना एक शंका

पंचवटीकर
शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातले एक निवृत्त साहेब वारले. ख्रिस्ती होते. शरणपूर रोडच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि तिथून सगळे दफनभूमीत गेलो. ख्रिस्ती अंत्यविधीला मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत थांबलो.

चर्चमध्ये पाळक म्हणाले की आपले बंधू आज प्रभूच्या सान्निध्यात विसावले आहेत. ठीक. मग खड्ड्यापाशी पेटी खाली सोडल्यावर, 'मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ' म्हणत तेच पाळक म्हणाले की शेवटच्या दिवशी पुनरुत्थान होईल या खात्रीच्या आशेने हे शरीर आपण भूमीच्या स्वाधीन करतो. मूठभर माती मीही टाकली, पण डोक्यात भुंगा लागला तो लागलाच. साहेब आजच पोचले असतील, तर शेवटच्या दिवशी उठवायचं कुणाला? आणि ज्याला आत घेतलंय त्याचा परत न्याय कशाला?

आमच्यातही सगळं सरळ आहे असं नाही. दहावं, तेरावं, कावळा, वर पुनर्जन्म. ज्याने दुसरा जन्म घेतलाय त्याच्या नावाचा पिंड कुणाला पोचतो, हे मला रामकुंडावर कुणी धड सांगितलेलं नाही. पण तुमच्यात एकच आयुष्य आणि एकच न्याय, असं ऐकून होतो. जाणकारांनी सांगावं. धर्मांतराची चर्चा कृपया नको, तिच्यासाठी वेगळे धागे पडलेत.


तर्कटराव
शनिवार, रात्री ९:२०

चहा घेऊन बसलोय. होऊ दे सुरू.


पाचवी_पिढी
शनिवार, रात्री १०:४७

पंचवटीकर, तुम्ही जे ऐकलंत ते दोन्ही बरोबर ऐकलंत. आम्ही सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे मूळचे अँग्लिकन. दर रविवारी जे क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो त्यात दोन गोष्टी आहेत: ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, आणि शरीराचं पुनरुत्थान होईल. आत्मा अमर आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. बहुतेक ख्रिस्ती माणसांनाही हे सांगितलं की ती चमकतात.

आमची मूळ आशा 'मेल्यावर आत्मा वर जातो' एवढीच नाही. देव एक दिवस मेलेल्यांना शरीरासकट उठवेल आणि हीच पृथ्वी नवी करेल, ही खरी आशा. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला पंधरावा अध्याय वाचा, सगळा त्यावरच आहे. येशूच्या काळी यहुद्यांमध्येही यावर दोन तट होते. परूशी पुनरुत्थान मानायचे, सदूकी मानायचे नाहीत. जुन्या करारात 'मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील' हे स्पष्टपणे येतं ते दानिएलाच्या बाराव्या अध्यायात. त्याआधी बहुतेक ठिकाणी नुसता अधोलोक, जिथे चांगले-वाईट सगळेच जातात.

मग आज साहेब कुठे आहेत? त्यासाठी दोन-तीन वचनांचा आधार घेतात. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. 'आज' म्हणाला, 'शेवटच्या दिवशी' नाही. पौलही तुरुंगातून लिहितो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ जाणं मला अधिक बरं. यावरून मधली एक अवस्था मानतात. विश्वासी माणूस प्रभूपाशी असतो, पण अजून शरीर नाही, म्हणजे अजून पुरा झालेला नाही. पुनरुत्थान व्हायचंय.

अवांतर: पूर्वी पाय पूर्वेला करून पुरायची रीत होती ती यामुळेच. उठल्यावर तोंड उगवतीकडे हवं. जुन्या दफनभूमीत ओळी बघा, लक्षात येईल. हल्ली जागाच इतकी कमी की बसेल तशी पेटी बसवतात.


तर्कटराव
शनिवार, रात्री ११:०२

म्हणजे आधी दहावीचा ऑनलाइन निकाल आणि मग शाळेत जाऊन मार्कशीट. बरं. पण मार्क तेच ना? मग शाळेत बोलावतात कशाला?


जेलरोडवाला
रविवार, सकाळी ११:३५

मिस्सेहून, म्हणजे रविवारच्या उपासनेहून, आत्ताच आलो. तर्कटराव, तुमचा प्रश्न आमच्या कॅथलिकांकडे सातशे वर्षांपूर्वी खुद्द पोपने उभा केला होता.

बाविसावा जॉन हा पोप तेव्हा फ्रान्समध्ये आविन्योंला राहायचा. १३३१ मध्ये त्याने प्रवचनांत मांडलं की संतांचे आत्मेसुद्धा अजून देवाचं प्रत्यक्ष दर्शन घेत नाहीत, ते शेवटच्या न्यायानंतरच. केवढा गदारोळ! पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याला धारेवर धरलं. १३३४ मध्ये मरणशय्येवर त्याने मत मागे घेतलं. पुढच्या पोपने, बाराव्या बेनेडिक्टने, १३३६ मध्ये कायमचा निर्णय दिला: मरताक्षणी प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो. शुद्ध असेल तो लगेच देवाला पाहतो, ज्याची शुद्धी बाकी आहे तो शुद्धिस्थानातून जातो, आणि ज्याने मरेपर्यंत देवाला धुडकावलं तो नरकात. शिवाय शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र न्याय आहेच.

आता 'मार्क तेच, मग बोलावता कशाला' याचं मला पटलेलं उत्तर संत थॉमस अक्वायनसचं आहे, म्हणजे या वादाच्याही आधीचं. तो म्हणतो, माणूस मेला तरी त्याची करणी संपत नाही. मागे मुलं राहतात, नाव राहतं (कधी नको तितकं चांगलं, कधी उगाच वाईट), शिकवलेलं राहतं, केलेली फसवणूक राहते. हे सगळं जगाच्या अंतापर्यंत वाहत जातं. तेव्हा पुरा हिशेब त्या माणसाच्या मरणादिवशी मांडताच येत नाही, तो काळ संपल्यावरच मांडता येतो. मार्क बदलत नाहीत, तर्कटराव, पण त्या पेपरने पुढे कुणाकुणाचं काय झालं हे सगळ्यांसमोर उलगडतं.

मला हे फार मोठं वाटतं. एखाद्या सावकाराने ज्यांना बुडवलं त्यांची नातवंडंसुद्धा त्या दिवशी तिथे हजर असतील. आणि बिनबोभाट मदत करून गेलेल्या बाईचंही सगळं बाहेर येईल.


पाचवी_पिढी
रविवार, दुपारी १२:१०

अक्वायनसबद्दल सहमत, शुद्धिस्थानाबद्दल मुळीच नाही. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी बाविसावं कलम शुद्धिस्थान साफ नाकारतं. पवित्र शास्त्रात त्याला आधार नाही.


जेलरोडवाला
रविवार, दुपारी १२:२२

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात बाराव्या अध्यायात मेलेल्यांच्या पापक्षमेसाठी प्रार्थना आणि अर्पण आहे. आमच्या बायबलमध्ये ते पुस्तक आहे. तुमच्या लोकांनी बाहेर काढलं आणि आता आधार नाही म्हणता!


पाचवी_पिढी
रविवार, दुपारी १२:२५

यहुद्यांच्या इब्री शास्त्रात नव्हतंच, काढायचं काय. आणि १५१७ मध्ये प्रॉटेस्टंटांचा मूळपुरुष ल्यूथर खवळला तो कशावरून? पैसे टाका आणि आजोबांना शुद्धिस्थानातून सोडवा, हा बाजार मांडला होता म्हणूनच ना?


जेलरोडवाला
रविवार, दुपारी १२:३१

बाजार होता, मान्य. १५६३ मध्ये आमच्याच ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थान कायम ठेवलं आणि त्याच दमात सांगितलं की नफेखोरी आणि अंधश्रद्धेचा वास येणारं सगळं बंद करा. नळ गळतो म्हणून विहीर बुजवायची नसते.


संपादक
रविवार, दुपारी १२:४०

दोघांनाही विनंती, सोळाव्या शतकातलं भांडण इथे परत लढू नका. धाग्याचं काश्मीर व्हायला वेळ लागत नाही.


शरणपूरची_सून
रविवार, दुपारी ३:१८

जेवणं, भांडी आटोपून आले तर इथे युद्ध पेटून विझलंसुद्धा.

मी माहेरची हिंदू, सासर पाचव्या पिढीचे ख्रिस्ती (वरचे दादा आमच्या नात्यातले नाहीत, पण असतीलही, इथे सगळेच लागतात). मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही असं आमच्याकडे शिकवतात. माणूस देवाच्या हाती गेला, आता प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी. पण २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तुम्ही दफनभूमीत येऊन बघा. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, सगळे आदल्या दिवसापासून हजर. घरातला जुना टूथब्रश घेऊन नावाच्या अक्षरांमधलं शेवाळ काढायचं, क्रूसाला चुना द्यायचा, झेंडूची माळ, मेणबत्त्या. सासूबाई सासऱ्यांच्या कबरीपाशी बसून वर्षभराच्या बातम्या सांगतात. कुणाचं लग्न ठरलं, द्राक्षांना भाव काय मिळाला, धाकट्याने नोकरी सोडली. मी एकदा हळूच विचारलं, आई, ही प्रार्थना का? तर म्हणाल्या, छे, प्रार्थना कुठे, बोलतेय फक्त.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. माझे आईवडील हिंदूच राहिले आणि हिंदूच गेले. वडिलांचं अमरधाम स्मशानात झालं, अस्थी रामकुंडात. त्यांच्या न्यायाचं काय? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने भर सभेत सांगितलं की ज्यांनी येशूला स्वीकारलं नाही ते सगळे अग्नीच्या सरोवरात. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तशीच उठून बाहेर आले.


आशीर्वादित_७७
रविवार, सायंकाळी ५:०२

ताई, दुःख वाटून घेऊ नका, पण वचन कठोर असलं तरी वचन आहे. योहान १४:६, 'माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही.' प्रकटीकरण २० मध्ये पांढरं मोठं सिंहासन, पुस्तकं उघडली जातात, आणि जीवनाच्या पुस्तकात ज्याचं नाव नाही तो अग्नीच्या सरोवरात. म्हणून आज तारणाचा दिवस आहे. चिन्हं पूर्ण होत आहेत, युद्धं, भूकंप, रोगराई. प्रभू लवकरच येऊन मंडळीला, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, ढगांत उचलून घेणार, १ थेस्सलनीकाकर ४. मग सात वर्षांचं संकट आणि मग न्याय. जागे राहा!


पाचवी_पिढी
रविवार, सायंकाळी ५:४०

बंधू, मंडळी आधी गुपचूप उचलली जाणार आणि मग सात वर्षं, हे वेळापत्रक १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने मांडलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे जगभर पसरलं. त्याआधीच्या अठराशे वर्षांतल्या मंडळीला ते माहीत नव्हतं. आणि 'लवकरच'बद्दल येशू स्वतः काय म्हणतो? तो दिवस नि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कमाल आहे.

ताई, तुमच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. मत्तय २५ मध्ये शेवटच्या न्यायाचं सर्वांत मोठं चित्र येशूने स्वतः रंगवलंय. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा तो सगळ्या राष्ट्रांना वेगळं करतो. निकष काय? मी भुकेला होतो, खायला दिलंत. परका होतो, घरात घेतलंत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. त्यात गंमत ही की उजवीकडचे आणि डावीकडचे दोघंही चकित होतात. 'प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?' असं दोघंही विचारतात. चांगलं करणाऱ्यांना आपण कुणासाठी करतोय हे माहीतच नव्हतं! काही भाष्यकार म्हणतात की तिथले 'लहानगे' म्हणजे फक्त येशूचे शिष्य. मला ते कोतं वाटतं, पण तसंही वाचतात हे सांगायला हवं. रोमकरांच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे, आणि त्यांची विवेकबुद्धीच त्या दिवशी साक्ष देईल.

तारण ख्रिस्तामुळेच, हे मी मानतो. पण ते त्याने कुणाकुणापर्यंत पोचवलं याची यादी माझ्याकडे नाही, त्या प्रचारकाकडेही नव्हती.


जेलरोडवाला
रविवार, सायंकाळी ६:१५

आमच्याकडे हे आता लेखीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितलं की ज्यांना आपल्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. 'मिळतंच' असं नाही म्हटलं, पण दार उघडं ठेवलं.

ताईंचं वाचून आजीची आठवण झाली म्हणून लिहितो. आजीचं पहिलं बाळ जन्मल्या रात्रीच गेलं, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व्हायच्या आत. बाळंतीण घरी, आणि बाळाला दफनभूमीच्या कडेला, क्रूस न लावता पुरलं. कारण तेव्हा शिकवायचे की अशी बाळं लिम्बोमध्ये जातात. त्यांना दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. आजी ऐंशीच्या घरात होती तेव्हा, २००७ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या मंडळाचा अहवाल आला. लिम्बो ही कधीच बंधनकारक श्रद्धा नव्हती, आणि अशी बाळं देवाच्या दयेने तारली जातात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात होतं. फादरांनी मिस्सेनंतर आजीला बाजूला घेऊन हे समजावलं. ती खूश होईल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, 'मला ठाऊकच होतं. तुम्हाला कळायला इतकी वर्षं का लागली?'


शरणपूरची_सून
रविवार, सायंकाळी ६:३२

जेलरोडवाले, तुमच्या आजीला माझा नमस्कार.


तर्कटराव
रविवार, रात्री ८:५०

भावनिक प्रतिसादांचा आदर राखून: अनंतकाळचा नरक हा न्याय कसा? सत्तर वर्षांत माणूस करून करून किती पाप करेल? त्याची शिक्षा कधीच न संपणारी? आमच्या नाशिकरोडच्या सेंट्रल जेलमध्येही जन्मठेपेला सूट मिळते.


सातवा_दिवस
रविवार, रात्री ९:३५

तर्कटराव, हाच प्रश्न आम्ही सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट लोक विचारतो. आमच्या मते मेलेला माणूस झोपलेला आहे. 'मेलेल्यांना काहीच कळत नाही,' उपदेशक ९:५. आत्मा म्हणून वेगळं काही उडून जात नाही. त्यामुळे पंचवटीकरांच्या साहेबांना पुढचा क्षण पुनरुत्थानाचाच वाटेल. मध्ये किती शतकं गेली ते कळणारही नाही. दुष्टांचा शेवट म्हणजे कायमचा छळ नाही, कायमचा नाश. आग लागते, भस्म होतं, संपलं. न्यायाच्या तपासणीचा भाग स्वर्गात १८४४ पासून सुरू आहे असं आम्ही मानतो, पण तो वेगळा आणि लांबचा विषय आहे.

आणि चोराला दिलेलं 'आज' हे वचन आम्ही असं वाचतो: 'मी तुला आज सांगतो, तू माझ्याबरोबर असशील.' मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हतीच.


पाचवी_पिढी
रविवार, रात्री ९:५२

तो स्वल्पविराम ओढूनताणून सरकवलाय, असं माझं मत. 'मी तुला खचित सांगतो' हे येशू कितीदा तरी म्हणतो, त्याला 'आज' कधी जोडत नाही. पण झोपेची कल्पना तुमचीच नव्हे. ल्यूथरसुद्धा मरणाला झोपच म्हणायचा. कॅल्विनने तरुणपणी याच मताविरुद्ध आख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या घरातच पहिल्या पिढीपासून मतभेद.

नरकाबद्दल: तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने मांडलं होतं की शेवटी देव सगळ्यांनाच परत आणेल, आग ही शिक्षा नसून शुद्धी आहे. निस्साचा ग्रेगरी हा मान्यवर संतही जवळपास तेच म्हणतो. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास ओरिजेनची ही शिकवण धिक्कारली गेली, ग्रेगरीला मात्र कुणी हात लावला नाही. तेव्हा तीन मतं म्हणा: कायमचा नरक (बहुसंख्य), कायमचा नाश, आणि शेवटी सर्वांचं तारण. मी पहिल्याकडे झुकतो, पण आनंदाने नाही. माणसाला देव नकोच असेल तर देव जबरदस्तीने त्याला आपल्या घरात कोंडणार नाही, एवढाच माझा नरक. आतून लावलेली कडी.


तर्कटराव
रविवार, रात्री १०:०५

कडी आतून असेल तर अनंतकाळात एकदा तरी काढता यायला हवी. उत्तर आवडलं, पटलं नाही.


गंगाघाट
सोमवार, सकाळी ७:२५

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या घाटावरची कामं. वाचतोय सगळं. एक शंका. शरीरच उठणार, तर ज्याचं शरीर उरलंच नाही त्याचं काय? बुडालेले, वाघाने खाल्लेले, जाळलेले?


पाचवी_पिढी
सोमवार, सकाळी ९:४०

जुनीच शंका, रोमन लोक ख्रिस्ती हुतात्म्यांना जाळून राख नदीत टाकायचे ती हेच हिणवायला. उत्तर सरळ: ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेतून घडवायला अडचण नाही. पौल म्हणतो, जे पेरता ते आणि जे उगवतं ते तेच असूनही तसंच नसतं.

आणि यात नाशिकचं एक प्रकरण आहे, इथे अनेकांना माहीत नसेल. शरणपूर ही मुळात १८५०च्या दशकात मिशनने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडून इंग्रजांनी सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या आश्रमात ठेवली जायची. सुतारकी, लोहारकी, इंग्रजी शिकवायचे. त्यातला एक जेकब वेनराईट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला, तेव्हा तो बरोबर होता. लोकांनी लिव्हिंगस्टनचं हृदय काढून एका झाडाखाली पुरलं, आणि दफनाची प्रार्थना वाचली ती या नाशिकात शिकलेल्या पोराने. झाडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. उरलेला देह मीठ लावून उन्हात वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराईट होता.

म्हणजे हृदय आफ्रिकेत, देह लंडनमध्ये. गंगाघाट, त्यालाही उठवायचंच आहे.


जेलरोडवाला
सोमवार, सकाळी १०:१५

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि अक्वायनसच्या मुद्द्यावर याहून चांगलं उदाहरण नाही. त्या शरणपूरच्या मुलांना कुणी पकडून विकलं, कुणी सोडवलं, कुणी वाचायला शिकवलं, त्याचे धागे मोंबासापासून लंडनपर्यंत गेले. हिशेब नाशिकमध्ये बसून कसा मिटणार?


ओझरची_लेक
सोमवार, दुपारी १:३०

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहितेय कारण घरात हाच विषय पेटलाय. आई कॅथलिक, बाबा हिंदू. आई गेल्या महिन्यात गेली. तिनेच सांगून ठेवलं होतं की मला जाळा, पुरायला जागेचे वांधे. ते केलं, फादरांनी प्रार्थनाही केली. आता अस्थी घरात आहेत. बाबा म्हणतात रामकुंड, पन्नास वर्षं गोदावरीचं पाणी प्यायली. मावशी म्हणते नदीत सोडल्यास तर शेवटच्या दिवशी उठणार कशी? आईने अस्थींबद्दल काहीच सांगितलेलं नाही. नियम काय आहे?


जेलरोडवाला
सोमवार, दुपारी २:०५

ताई, आधी सांत्वन. मावशींना सांगा की उठण्याचा आणि अस्थी कुठे आहेत याचा काहीही संबंध नाही. चर्चचीच ती शिकवण आहे.

नियम असे. १९६३ पर्यंत कॅथलिकांना दहनाची बंदीच होती. त्या वर्षी ती उठली, अट एकच: ख्रिस्ती श्रद्धा नाकारायची म्हणून दहन नको. २०१६ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की अस्थी हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखरायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत, घरातही ठेवायच्या नाहीत. दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या जागी ठेवायच्या. हेतू हा की माणूस विसरला जाऊ नये, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायला सगळ्यांना एक ठिकाण असावं. डिसेंबर २०२३ च्या खुलाशात थोडी सवलत आली. अगदी थोडा अंश, मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी जपून ठेवायची विनंती कुटुंब करू शकतं आणि चर्चचे अधिकारी तिचा विचार करू शकतात. जपून ठेवायची म्हणजे नदीत सोडायची नव्हे, हे बाबांना स्पष्ट सांगावं लागेल.


गंगाघाट
सोमवार, दुपारी २:४०

ताई, घाटावर कुणी धर्म विचारून अडवत नाही, आणलंत तर विधी होईल. पण बाईंनी स्वतः सांगितलेलं नसेल तर त्यांच्या धर्माप्रमाणे करा. बाबांना गोदेवर यायचंच असेल तर दिवा सोडायला या. त्याला कुणाचीच हरकत नसावी.


ओझरची_लेक
सोमवार, सायंकाळी ७:१०

दोघांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. घाटावरच्या माणसाने सांगितलं म्हणून ऐकलं, मी तेच सांगत होते तर ऐकत नव्हते. दफनभूमीत आजीच्या कबरीतच अस्थी ठेवता येतात का, ते उद्या पॅरिशमध्ये विचारते.


पंचवटीकर
सोमवार, रात्री ९:३०

धागा काढला तेव्हा वाटलं होतं चार ओळींत उत्तर मिळेल. सगळ्यांचे आभार. म्हणजे साहेब पोचलेही आहेत आणि थांबलेही आहेत, निदान इथल्या बहुमताने.

एकच उरलं. शरीर उठणार, तर कुठल्या वयाचं? साहेब ८१ चे होते, दोन्ही गुडघे बदललेले.


पाचवी_पिढी
सोमवार, रात्री ९:५५

हसू नका, ऑगस्टीनने पाचव्या शतकात यावर लिहिलंय. त्याच्या मते सगळे ऐन उमेदीच्या वयाचे उठतील, ख्रिस्ताने गाठलं त्या वयाचे, म्हणजे तिशीचे. तान्ही बाळंसुद्धा पूर्ण वाढलेली. व्यंग, व्याधी काही उरणार नाही. फक्त हुतात्म्यांचे व्रण राहतील, मान म्हणून. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच की. हे ऑगस्टीनचं मत आहे, सिद्धान्त नव्हे.


जेलरोडवाला
सोमवार, रात्री १०:०३

मग आमची आजी आणि तिचं बाळ एकाच वयाचे? आजीला हे चालणार नाही. ती तिथे ऑगस्टीनशी भांडेल.


शरणपूरची_सून
सोमवार, रात्री १०:११

तीस म्हणजे सासूबाईंना तीन पोरं झालेली होती आणि सासरे कर्ज काढून द्राक्षबाग लावत होते. विचारून सांगते त्यांना परत ते वय हवंय का.


तर्कटराव
सोमवार, रात्री १०:१४

गुडघ्यांचं नक्की कळवा. मी अजूनही नास्तिकच आहे, पण माहिती असलेली बरी.